‘फादर, आवंदा मत कुणाला टाकायचं?’ : ख्रिस्ती श्रद्धा आणि राजकारण



निवडणूक जवळ आली की रविवारच्या पवित्र मिस्सानंतर मंदिराच्या अंगणात एक प्रश्न हमखास विचारला जातो. राहुरी तालुक्यातील एका गावी मिस्सा आटोपून मी बाहेर आलो, तेव्हा डोक्यावर पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ हात जोडून पुढे आले आणि म्हणाले, “फादर, आवंदा मत कुणाला टाकायचं? तुम्ही सांगाल तिकडं आमची समदी वस्ती.” त्यांच्या मागे उभा असलेला त्यांचा नातू मात्र लगेच उद्गारला, “आबा, फादरना कशाला विचारता? राजकारण आपलं काम नाही. कोणी निवडून आलं तरी आपल्या वस्तीचा रस्ता व्हायचा तो होणार नाही.”

त्या दोघांचे बोलणे माझ्या मनात कित्येक दिवस घर करून राहिले. आजोबा आपला सदसद्विवेक धर्मगुरूंच्या हाती सोपवू पाहत होते, तर नातू तो कोणाच्याच हाती न देता गुंडाळून ठेवायला निघाला होता. आपल्या धर्मग्रामांमध्ये या दोन्ही वृत्ती आढळतात. ख्रिस्तसभेची शिकवण मात्र या दोहोंना मान्यता देत नाही. ती शिकवण नेमकी काय आहे, देशाचा कायदा काय सांगतो आणि आपल्या राहुरी परिसरात तिचा अर्थ काय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करू या.

नाण्यावरील प्रतिमा

राजकारणाचा विषय निघाला की प्रभू येशूने कैसराच्या कराविषयी दिलेल्या उत्तराची आठवण सर्वांना होते. जे कैसराचे ते कैसराला द्यावे आणि जे देवाचे ते देवाला, अशा आशयाचे ते उत्तर मत्तयकृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. पुष्कळ जण त्याचा अर्थ असा लावतात की धर्म वेगळा, राजकारण वेगळे. रविवार देवाचा आणि उरलेले सहा दिवस पुढाऱ्यांचे. परंतु प्रभूने उत्तर देण्यापूर्वी एक प्रश्न विचारला होता, त्याकडे आपले लक्ष जात नाही. त्याने नाणे मागवून घेतले आणि त्यावर प्रतिमा कोणाची आहे, असे विचारले. नाण्यावर कैसराची प्रतिमा होती, म्हणून नाणे कैसराचे. मग माणसावर कोणाची प्रतिमा आहे? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात त्याचे उत्तर मिळते. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाने निर्माण झालेला आहे. म्हणून कर शासनाला द्यावा, कायदा पाळावा. परंतु माणूस हा कोणत्याही शासनाची, पक्षाची वा पुढाऱ्याची मालमत्ता होऊ शकत नाही. प्रत्येक शासनाने माणसाशी कसे वागावे, याची मर्यादाच प्रभूने या उत्तरात आखून दिली आहे.

पवित्र शास्त्रात याच्या दोन्ही बाजू आहेत. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सत्ताधीशांच्या अधीन राहण्यास सांगतो, कारण न्यायाने चाललेली सत्ता समाजाच्या हितासाठी देवाने नेमलेली असते. प्रकटीकरणाच्या तेराव्याच अध्यायात, स्वतःची पूजा करून घेणारी सत्ता श्वापदाच्या रूपाने दाखवली आहे. जेव्हा सत्तेची आज्ञा देवाच्या आज्ञेविरुद्ध गेली, तेव्हा माणसांपेक्षा देवाचे ऐकणे अधिक योग्य, असे प्रेषित पेत्राने न्यायसभेसमोर ठामपणे सांगितले. आणि बाबेलमध्ये बंदिवान होऊन गेलेल्या आपल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवून काय कळवले? त्या परक्या नगराच्या कल्याणासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे. बंदिवानांना परक्या नगराविषयी असा आदेश असेल, तर जे गाव पिढ्यान्‌पिढ्या आपले आहे, त्याविषयी आपण उदासीन कसे राहावे?

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात या विषयावर तीन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. पहिली, श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांची फारकत करणे ही आपल्या काळातील गंभीर चुकांपैकी एक आहे. दुसरी, राजकारण ही कठीण पण उदात्त कला असून ज्यांच्या अंगी ती पात्रता आहे त्यांनी स्वार्थाचा विचार न करता त्यासाठी स्वतःची तयारी करावी. तिसरी, ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय पक्षाशी वा व्यवस्थेशी एकरूप होत नाही.

पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली प्रापंचिकांविषयीच्या आपल्या बोधपत्रात हीच शिकवण पुढे नेली. राजकारणात भ्रष्टाचार आहे, स्वार्थ आहे, सत्तेची हाव आहे, हे कारण सांगून प्रापंचिकांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेणे योग्य नाही, असे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत मांडले. म्हणजे वर उल्लेखिलेल्या नातवाची तक्रार खरी असली, तरी तिच्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष ख्रिस्तसभेला मान्य नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात स्पष्ट केले की न्याय्य समाजाची उभारणी हे राजकारणाचे कार्य असून ख्रिस्तसभेने शासनाची जागा घेऊ नये. मात्र न्यायाच्या लढ्यात तिने काठावर बसूनही राहू नये. पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी स्वाक्षरी केलेल्या बंधुत्वाविषयीच्या विश्वपत्रात एक संपूर्ण प्रकरण चांगल्या राजकारणाला वाहिले आहे. भुकेल्याला भाकर देणे ही प्रीती आहेच; पण ज्यामुळे शंभर घरांना रोजगार मिळेल अशी व्यवस्था उभी करणे हीदेखील प्रीतीच होय, असा त्या प्रकरणाचा गाभा आहे.

धर्मगुरू कोणाचे नाव का सांगत नाहीत?

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. फादरांनी उमेदवाराचे नाव का सांगू नये? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे. १९८३ सालच्या धर्मसंहितेच्या २८५व्या कलमानुसार नागरी सत्ता राबवावी लागेल असे सार्वजनिक पद धर्मगुरूंना स्वीकारता येत नाही, आणि २८७व्या कलमानुसार राजकीय पक्षात त्यांना सक्रिय भाग घेता येत नाही. ख्रिस्तसभेच्या हक्कांच्या रक्षणासाठी वा समाजहितासाठी धर्माधिकाऱ्यांना आवश्यक वाटले तरच त्यास अपवाद होऊ शकतो. याचे कारण उघड आहे. वेदीभोवती जमणाऱ्या कुटुंबात निरनिराळ्या पक्षांची माणसे असतात. धर्मगुरू एका पक्षाचा झाला, तर उरलेल्यांनी पापनिवेदनासाठी कोणाकडे जावे?

दुसरे कारण देशाच्या कायद्यात आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निश्चित केला. तो खटला आपल्याच राज्यातील होता. १९९० सालच्या विधानसभा निवडणुकीत मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघातून निवडून आलेले अभिराम सिंह यांच्या निवडीस त्यात आव्हान देण्यात आले होते. केवळ उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही निषिद्ध आहे, असे न्यायालयाने ठरवले. ‘ख्रिस्ती आहात म्हणून अमक्याला मत द्या’ असे उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने इतर कोणी म्हटले, तर ती निवडणूक रद्द होऊ शकते. धर्माच्या नावाने मत मागणारे इतर लोक आपल्याला खटकत असतील, तर तीच गोष्ट आपण आपल्या मंदिरात कशी करावी?

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे तुमचा सदसद्विवेक. तो घडवणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे. तो तुमच्याऐवजी वापरणे हा त्याचा अधिकार नाही. शिवाय जी वस्ती एका शब्दावर गठ्ठ्याने मत देते, तिच्या प्रश्नांची विचारपूस उमेदवार करीत नाही. तो वस्तीत येण्याऐवजी तो शब्द देणाऱ्याकडे जातो.

आपल्यापूर्वी चाललेले

ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक जीवनात कसे वावरावे, याचे धडे घेण्यासाठी दूर रोमला जावे लागत नाही. मुंबईतील माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले कॅथलिक बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांना सारा महाराष्ट्र ‘काका’ म्हणत असे. ते लोकमान्य टिळकांचे वकील व सहकारी होते. १९१६ साली स्थापन झालेल्या लोकमान्यांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले, कामगार चळवळीच्या पहिल्या पुढाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते आणि १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. काकांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि तिच्या नावाने मतेही मागितली नाहीत.

घटनासमितीत तर आपल्या समाजाने एक फार मोठा निर्णय घेतला. कायदेमंडळात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा असाव्यात, अशी शिफारस १९४७ साली झाली होती. परंतु १९४९ च्या मे महिन्यात ती मागे घेण्यात आली, आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्यास मनापासून संमती दिली. घटनासमितीचे उपाध्यक्ष व अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष असलेले बंगालचे ख्रिस्ती विद्वान डॉ. हरेंद्र कुमार मुखर्जी आणि मद्रासचे येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसूझा हे त्यात अग्रभागी होते. वेगळा कोपरा मागण्याऐवजी सर्वांच्या बरोबरीने आणि सर्वांच्या विश्वासावर उभे राहण्याचा मार्ग आपल्या वडीलधाऱ्यांनी निवडला. पुढे नामनियुक्तीची जी तरतूद होती, ती केवळ अँग्लो-इंडियन समाजासाठी होती आणि तीही जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली. म्हणून ‘आपला माणूस’ या शब्दाचा अर्थ आपणास त्या निर्णयाच्या प्रकाशात लावावा लागतो. आपल्या धर्माचा तो आपला, असे नव्हे. जो सर्वांना न्याय देतो, तो आपला.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण तर कालपरवाचे आहे. हिरव्या वसईतील जमीन आणि पाणी यांवर बिल्डरांची व दंडेलीची पकड बसू लागली, तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. त्या लढ्यात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, सारेच होते. फादरांनी निवडणूक लढवली नाही की कोणत्या पक्षाचे सदस्यत्व घेतले नाही. तरीही राजकारण्यांना त्यांची दखल घ्यावी लागली. ‘सुवार्ता’चे संपादक असलेले हे धर्मगुरू २०२० साली उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूघरी गेले. पक्षीय राजकारण आणि लोकांच्या जगण्याचे राजकारण यांतील फरक त्यांच्या आयुष्याकडे पाहून समजतो.

आणि आपली राहुरी? आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या परंपरेतील रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा काही काळ येथेच संसार झाला. ख्रिस्ताला वाहून घेतल्याने आपण देशाला वा मराठीला परके होत नाही, हे त्या दांपत्याने कोणतेही पद न भूषवता महाराष्ट्राला पटवून दिले.

ग्रामसभा : जेथे आपली खुर्ची रिकामी असते

आपल्या परिसरातील सत्तेची ठाणी कोणती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. साखर कारखाना, विविध कार्यकारी सोसायटी, दूध संस्था, बाजार समिती आणि मुळा धरणाच्या पाण्याचे आवर्तन यांभोवती येथील राजकारण फिरते. यांपैकी पुष्कळ संस्थांत मत देण्यासाठी सभासद असावे लागते, आणि कारखान्याचा किंवा सोसायटीचा सभासद बहुधा जमीनधारक शेतकरी असतो. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे भूमिहीन वा अल्पभूधारक आहेत. उसाच्या फडात त्यांचे हात असतात, पण कारखान्याच्या मतदारयादीत त्यांचे नाव नसते.

एक सभा मात्र अशी आहे की जिच्यात जमीन, शिक्षण वा सभासदत्व यांपैकी काहीच विचारले जात नाही. गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्रात वर्षाकाठी किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे परिचित दिवस आहेत. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा, घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवड, वस्तीचा रस्ता, पाणी, दिवे, दफनभूमीची जागा हे सारे विषय तेथेच येतात.

त्या नातवाला मी विचारले, “बाळा, रस्त्याचा विषय ग्रामसभेत कधी मांडला होता?” तो म्हणाला, “ग्रामसभेला आमच्या वस्तीतलं कोणी जातच नाही, फादर.” माझ्या मते आपल्या राजकीय दुर्बलतेचे एक मोठे कारण या एका वाक्यात आहे. पाच वर्षांतून एकदा मत द्यायचे आणि वर्षातून चार वेळा मिळणारी संधी वाया घालवायची, असा आपला व्यवहार झाला आहे. वस्तीतील दहा स्त्री-पुरुषांनी लेखी अर्ज घेऊन ग्रामसभेस जावे, विषय इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, पुढील सभेत त्याची विचारणा करावी आणि उत्तर न मिळाल्यास २००५ सालच्या माहितीच्या अधिकार कायद्यानुसार अर्ज करावा. यात घोषणा नाहीत, सत्कार नाहीत. पण ख्रिस्ती नागरिकाचे राजकारण बहुतांशी असेच असते.

गाव एकत्र बसले तर काय घडते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या सोशल सेंटरच्या माध्यमातून दुष्काळी गावांत आयुष्य वेचले. पाणलोट विकासाच्या ज्या कार्यक्रमाचे ते प्रणेते होते, त्यात निधी येण्यापूर्वी गावाला काही अटी मान्य कराव्या लागत. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि सर्वांच्या संमतीने निवडलेली ग्रामसमिती या त्यांतील प्रमुख अटी होत. माळरानावर बंधारे बांधायचे, तर वरच्या बाजूच्या भूमिहीनाचे आणि खालच्या बाजूच्या बागायतदाराचे एकमत व्हावे लागे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांनी ते करून दाखवले. २०२१ साली फादर बाखर यांचे निधन झाले, तेव्हा ज्यांनी त्यांना आपले मानले त्यांत बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते.

परंतु गाव नेहमीच असे वागत नाही. ज्या हरेगावला आपण दर सप्टेंबरात मतमाउलीच्या दर्शनासाठी हजारोंच्या संख्येने जातो, त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी व कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित समाजातील मुलांना उलटे टांगून मारहाण करण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच यात्रा आली. मतमाउलीच्या चरणी मेणबत्ती लावणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारण्याजोगा प्रश्न आहे: वधस्तंभावर टांगलेल्या पुत्राची आई त्या दिवशी कोठे उभी असती? अशा वेळी पीडितांच्या बाजूने उभे राहणे, पोलीस ठाण्यापर्यंत त्यांच्यासोबत जाणे, साक्ष देण्यास न कचरणे, हेही राजकारण आहे आणि हीच भक्तीदेखील आहे.

एक अवघड विषय : श्रद्धा आणि कागद

आता ज्या विषयावर आपण दबक्या आवाजात बोलतो, त्याला हात घालणे प्राप्त आहे. आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांचे पूर्वज त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतून ख्रिस्ताकडे आले. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी काढलेल्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला; ख्रिस्ती व मुस्लिम मात्र बाहेर राहिले. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. या विषयाच्या याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला आणि त्याची मुदत पुढे वाढवावी लागली.

या अटीमुळे घराघरांत काय घडते, हे धर्मगुरूंना ठाऊक आहे. मुलाचा बाप्तिस्मा होतो, पण शाळेच्या दाखल्यावर वेगळाच धर्म लिहिला जातो. राखीव जागेवरून सरपंचपदाची निवडणूक लढवायची, तर मंदिरात येणे थांबवावे लागते. निदान तसे दाखवावे तरी लागते. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात, ख्रिस्ती श्रद्धेचे नियमित आचरण करीत असतानाच केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे हे राज्यघटनेच्या मूळ हेतूशी विसंगत असल्याचे सांगून तो दावा फेटाळला.

या कुटुंबांकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही. भूक आणि मुलांचे शिक्षण यांपुढे लाचार झालेल्या माणसाला पोटभर जेवलेल्याने प्रामाणिकपणाचा उपदेश करणे सोपे असते. तथापि सत्य सांगणेही माझे कर्तव्य आहे. दोन नावांनी जगणाऱ्या समाजाला मोठ्याने बोलता येत नाही. जो आपली ओळख लपवतो, तो आपला हक्क उघडपणे मागू शकत नाही, आणि कोणीही त्याला त्या कागदाच्या धाकात ठेवू शकतो. म्हणून यावर खरा उपाय राजकीयच आहे. जातीचा कलंक बाप्तिस्म्याने गावाच्या नजरेतून पुसला जात नाही, हे लोकप्रतिनिधींना पटवणे, सनदशीर मार्गाने हा कायदा बदलण्याची मागणी करणे आणि १० ऑगस्ट हा दिवस केवळ काळ्या फिती लावून न दवडता आपल्या आमदार-खासदारांना निवेदन देण्यासाठी वापरणे, हे आपण सर्वांनी केले पाहिजे. ज्यांच्यावर हा अन्याय झालेला नाही, अशा ख्रिस्ती बांधवांनी त्यात पुढे असावे.

ही मागणी करताना आपले अंगणही झाडले पाहिजे. भारतीय कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध करताना, खुद्द ख्रिस्तसभेत जातिभेद आहे आणि ते गंभीर सामाजिक पाप आहे, असे मान्य केले. सोयरीक जुळवताना जात विचारणारे आपण शासनाला समतेचा पाठ कोणत्या तोंडाने देणार?

मतदानापूर्वीचे आत्मपरीक्षण

पापनिवेदनापूर्वी आपण जसे आत्मपरीक्षण करतो, तसे मतदानापूर्वीही करावे. त्यासाठी पुढील प्रश्न उपयोगी पडतील.

माझे व माझ्या घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाचे नाव मतदारयादीत आहे काय? ऊसतोडीसाठी किंवा कामासाठी बाहेरगावी गेलेल्यांचे नाव वगळले गेले आहे काय?

उमेदवाराने अर्जासोबत दिलेले शपथपत्र मी पाहिले आहे काय? त्याच्यावरील फौजदारी खटले व त्याची मालमत्ता यांची माहिती त्यात द्यावी लागते आणि ती सर्वांसाठी खुली असते.

हा उमेदवार गावातील सर्वांत दुर्बल माणसाशी कसा वागतो? गर्भातील जीव, विधवा, आदिवासी, स्थलांतरित मजूर, दुसऱ्या धर्माचा शेजारी यांच्याविषयी तो काय बोलतो? एखाद्या समाजाविषयी द्वेष पसरवून तो मते मागत असेल, तर तो समाज आपला नाही म्हणून मी गप्प बसतो काय?

मी मताचे पैसे घेतले काय? भारतीय न्याय संहितेनुसार निवडणुकीतील लाच देणारा व घेणारा हे दोघेही गुन्हेगार ठरतात. ‘घ्यायचे त्याचे आणि टाकायचे आपल्या मनाने’ ही चतुराई आपल्याकडे फार ऐकू येते. पण जे विकायचेच नाही, त्याचे पैसे घेणे म्हणजे खोटे बोलणे होय. आणि ज्याने पैसे वाटले, तो ते पुढील पाच वर्षांत कोठून वसूल करतो? आपल्याच रस्त्यातून आणि आपल्याच घरकुलातून.

कोणताही पक्ष ख्रिस्ती श्रद्धेच्या सर्व कसोट्यांना उतरत नाही, हे खरे आहे. दोन प्रामाणिक ख्रिस्ती माणसे प्रार्थनापूर्वक विचार करून वेगवेगळ्या उमेदवारांना मत देऊ शकतात. त्यावरून एकमेकांच्या श्रद्धेवर शंका घेऊ नये, आणि मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी शांतीचे अभिवादन करताना हात आखडता घेऊ नये.

धर्मग्रामांनीही काही पथ्ये पाळावीत. वेदीवरून वा मंदिराच्या आवारात कोणाचाही प्रचार होऊ देऊ नये. यात्रेत वा सणाला लोकप्रतिनिधी आले, तर पाहुणे म्हणून त्यांचे स्वागत अवश्य करावे. पण आचारसंहितेच्या काळात व्यासपीठ देऊ नये, आणि एका देणगीच्या बदल्यात आपले तोंड बंद होऊ देऊ नये. सर्व उमेदवारांना एकाच वेळी बोलावून लोकांनी प्रश्न विचारावेत, अशी सभा मंदिराबाहेर प्रापंचिकांनी भरवावी. तरुणांना राज्यघटनेची ओळख करून द्यावी.

आणि ज्यांना प्रभूने नेतृत्वाची देणगी दिली आहे, अशा स्त्री-पुरुषांनी निवडणुकीस उभे राहण्यास भिऊ नये. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या भगिनींनी त्या जागांवर नावापुरते बसू नये. राजाच्या मर्जीपेक्षा सदसद्विवेक मोठा मानून ६ जुलै १५३५ रोजी मरण पत्करलेले इंग्लंडचे माजी चान्सेलर संत थॉमस मोर यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली राजकारणी व्यक्तींचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. सत्तेत राहूनही संत होता येते, याचा हा पुरावा आहे.

समारोप

त्या दिवशी अंगणात मी आजोबांना नाव सांगितले नाही, म्हणून ते थोडे खट्टू झाले. मी त्यांना म्हणालो, “आबा, नाव मी सांगणार नाही. पण मतदानाच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा, रोझरीची माळ म्हणा आणि मग रस्त्याचं, पाण्याचं, शेजाऱ्याचं बोला. जे ठरेल ते देवाला साक्षी ठेवून ठरवा.” नातवाला मात्र एक काम दिले. पुढच्या ग्रामसभेची तारीख शोधून काढायची आणि रस्त्याचा अर्ज लिहून आणायचा.

पुढच्या रविवारी तो अर्ज घेऊन आला. अक्षर वळणदार होते, खाली सतरा सह्या होत्या आणि चार अंगठे. त्यांतील सहा नावे आपल्या धर्मग्रामातील नव्हती. रस्ता त्यांच्याही दारावरून जाणार होता. तो अर्ज वाचताना मला वाटले, संदेष्ट्याने बंदिवानांना लिहिलेल्या पत्राचे उत्तर आज आमच्या वस्तीने लिहिले आहे.

प्रभू आपणा सर्वांना विवेक व धैर्य देवो, आणि आपल्या गावाच्या कल्याणासाठी झटण्याची कृपा करो.